एकशे अठ्ठ्याऐंशीव्या पानावरची बाई

जयसिंगपूरच्या नवव्या गल्लीतल्या सार्वजनिक वाचनालयाचं शालन मगदूम यांनी काही म्हणता काही सोडलं नव्हतं. सोमवारी मधुमेह्यांच्या आहारावर व्याख्यान, मंगळवारी मोफत कायदेशीर सल्ला, बुधवारी ज्येष्ठांसाठी संगणक, गुरुवारी डोळ्यांची तपासणी, शुक्रवारी बियाणांची पेटी. मधुमेह त्यांना नव्हता, कोर्टकचेरी सात पिढ्यांत नव्हती, तरी पहिल्या रांगेतली उजवीकडची खुर्ची त्यांचीच. "आपल्यासाठीच ठेवलंय की सगळं. आपण नाही गेलो तर बंद करतील," असं त्या शेजारणीला बजावत आणि तिलाही ओढून नेत.

बियाणांच्या पेटीतून त्या दोडक्याचं बी आणत. घरी फडताळात दोडक्याच्या नऊ पुड्या झाल्या होत्या आणि परसात वेल एकही नव्हता. वकीलसाहेबांना मृत्युपत्राबद्दलचा एकच प्रश्न त्यांनी इतक्यांदा विचारला होता, की त्या समोर बसल्या की साहेब आधी उत्तरच सांगून टाकत. शालनताईंना वाटे, माणूस हुशार आहे, मनातलं ओळखतो. त्या घरी येऊन त्याचं कौतुकही करत.

वय अडुसष्ट. तीस वर्षं मुलींना शिवणकाम शिकवलेलं, त्यामुळे आवाज खणखणीत आणि नजर दुसऱ्याच्या टाक्यावर. नवरा भूपाल मगदूम, पाटबंधारे खात्यातला कालवा निरीक्षक, दोन वर्षांपूर्वी वारला. मुलगा सन्मती बेंगळुरूला. तो दर रविवारी फोन करी आणि दर रविवारी एकदा तरी म्हणे, "आई, इकडं ये राहायला." शालनताई म्हणत, "बघू." तो विषय तिथं संपे. बेंगळुरूला न जाण्याचं कारण त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. ते कारण वाचनालयातच होतं, मागच्या खोलीत, एका टेबलावर.

त्याचं सरकारी नाव लांबलचक होतं. लोक त्याला नुसतं दिवा म्हणत.

कागद कधीच कोरा राहत नाही, या साध्या गोष्टीवर तो दिवा चाले. आपण पान उलटतो, ओळीखाली बोट फिरवतो, तेव्हा कातडीचं तेल, घामातलं मीठ आणि कातडीवर राहणारे सूक्ष्मजीव कागदावर उतरतात. या सूक्ष्मजीवांची वस्ती प्रत्येकाची वेगळी, म्हणून कुठलं बोट कुणाचं ते कळतं. तेल हवेत पडून खवट होत जातं आणि त्याचा वेग ठरलेला असतो, म्हणून ते बोट कधी टेकलं तेही कळतं. बोट जिथं रेंगाळलं तिथं तेल जास्त मुरतं. श्वासाची ओल, कडेला दाबलेला अंगठा, यांवरून मधल्या गाळलेल्या जागा भरता येतात. जुन्या पोथ्यांचं वय काढण्यासाठी एका प्रयोगशाळेत हे तंत्र निघालं. पुढं कुणाच्या तरी डोक्यात आलं, की यातून नुसतं पुस्तकाचं वयच कळतं असं नाही, वाचणाराही परत उभा करता येतो.

दिव्याखाली पुस्तक उघडून ठेवलं की पानावर उजेडाचा एक ठिपका उमटे आणि तो वाचणारा जसा वाचत गेला होता तसा ओळींवरून सरके. तो थांबला होता तिथं थांबे, मागं गेला होता तिथं मागं जाई. यंत्राची खात्री नसे तिथं ठिपका फिका पडे. दोन हजार त्रेचाळीस साली तालुक्यातालुक्यातल्या वाचनालयांत हे दिवे बसले, सेवा मोफत. पहिले आठ दिवस लोकांनी रांगा लावल्या, मग कंटाळले. वाचणाऱ्याचं नाव फक्त त्याच्या वारसालाच सांगायचं, असा नियम होता. बाकीचे वाचक बिननावाचे, नुसत्या रंगाचे. बिननावाच्या ठिपक्याशी कुणाला काय घेणंदेणं?

शालनताईंना होतं. त्यांनी ह्यांच्या चष्म्याचं घर आणून दिलं, त्यावरून ग्रंथपाल निलोफर मुजावरनं नमुना घेतला आणि जंगलावरच्या एका पुस्तकावर दिवा लावला. पिवळा ठिपका उमटला आणि पहिल्या ओळीवर हलला. ओळ संपली की तो क्षणभर थबके, मगच खालच्या ओळीवर येई. जेवताना घास संपल्यावर हे असेच थबकत. शालनताईंनी टेबलाची कड धरली. त्या दिवशी त्यांनी चहा घेतला नाही, आणि दुसऱ्या दिवशी त्या वाचनालय उघडायच्या आधी पायरीवर हजर झाल्या.

कार्डावर ह्यांची दोनशे बारा पुस्तकं निघाली. शालनताईंनी मनाशी ठरवलं, दिवसाला दहा पानं, जास्त नाही. पुस्तकं संपली की हे परत जाणार, आणि एकदा गेलेला माणूस दुसऱ्यांदा घालवायची त्यांची तयारी नव्हती.

त्या दिवशी, चैत्रातल्या एका दुपारी, त्या एका जुन्या वनाधिकाऱ्याच्या आठवणी वाचत होत्या. पुस्तक साडेतीनशे पानांचं, बांधणी सुटलेली. ते हाती घेतलं तेव्हाच त्यांनी सवयीनं पान एक्केचाळीस काढून पाहिलं होतं. आकड्याखाली पेन्सिलीचा ठिपका होता, म्हणजे पुस्तक ह्यांचंच. जुन्या वाचकांची ती रीत. वाचलेलं पुस्तक चुकून परत घरी येऊ नये म्हणून प्रत्येकाचं एक पान ठरलेलं असे आणि पुस्तक संपलं की त्या पानावर खूण करायची. भिंतीवर 'पुस्तकांवर खुणा करू नयेत' अशी पाटी होती आणि तिच्याखाली बसूनच लोक खुणा करत. ह्यांचं पान एक्केचाळीस, कारण पहिली नेमणूक कालव्याच्या एक्केचाळीसाव्या दारावर. शालनताईंचं सत्तावीस, लग्नाची तारीख. "बघा, मला लग्न आठवतं आणि तुम्हाला दार," असं त्या ह्यांना चिडवत.

एकशे अठ्ठ्याऐंशीव्या पानावर पिवळा ठिपका थांबला.

वनाधिकाऱ्यानं लिहिलं होतं: 'बदलीचा हुकूम आला की मी ट्रंक भरायला घेई. ती बरोबर येणारच, हे मी धरून चाललो. तिला विचारायचं राहिलं.'

ठिपका त्या शेवटच्या वाक्यावर आला, पुढं गेला, परत आला. पुन्हा पुढं गेला, पुन्हा आला. मग हललाच नाही. शालनताईंनी घड्याळ पाहिलं. सात मिनिटं. साल यंत्रानं कोपऱ्यात दाखवलं होतं, दोन हजार एकतीस.

त्यांना कोल्हापूरला कायमची नोकरी लागली होती, तेव्हा त्या सत्तावीस वर्षांच्या होत्या. चारच महिन्यांत ह्यांची बदली धरणावर झाली आणि नोकरी सुटली. त्यावर घरात कधी बोलणं झालं नाही. सुटली म्हणजे सुटली. आणि हा माणूस वयाच्या साठीत एका परक्याच्या वाक्यावर सात मिनिटं बोट ठेवून बसला होता, घरी येऊन ताटावर बसला होता, आणि आमटीत मीठ कमी आहे एवढंच म्हणाला असणार. शालनताईंना रडू आलं. त्यांनी ते येऊ दिलं.

डोळे पुसताना त्यांचा हात दिव्याच्या बाजूच्या बटणावर पडला. ते बटण इतर वाचकांचं. पानावर दुसरा ठिपका उमटला, हिरवा.

तो सावकाश आला आणि त्याच वाक्यावर थांबला. सात मिनिटं झाली, दहा झाली. पिवळा पुढं निघून गेला तरी हिरवा तिथंच. अठरा मिनिटांनी तो हलला. त्याच्या शेजारी कागदावर एक फिकट गोल उमटला होता. यंत्र अशी खूण मिठाच्या थेंबाला करी.

शालनताईंच्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

त्यांनी मागची पानं काढली. हिरवा ठिपका पिवळ्याच्या पावलावर पाऊल ठेवून आला होता. हे जिथं थबकले तिथं तो थबकला होता, हे जिथं मागं फिरले तिथं तोही फिरला होता. म्हणजे कुणीतरी ह्यांचा दिवा लावून वाचत होतं. तारखा पाहिल्या तर गेल्या आठ महिन्यांत तीन वेळा. आणि बोट नाजूक, यंत्र सांगत होतं बाईचं.

त्या तडक बाहेर टेबलाशी गेल्या. "निलोफर, ह्यांच्या पुस्तकाला दुसरं कोण बसतं?"

निलोफर पावती लिहीत होती. पस्तिशीची, शांत, कधी आवाज न चढवणारी. तिचा हात थांबला. "काकू, नाव सांगायचं नसतंय. नियम आहे."

"नियम मला सांगू नको. बाई आहे ना?"

"चहा घेणार काय? ठेवते मी."

शालनताई चहा न घेता घरी गेल्या. निलोफरनं नजर टाळली होती. पाणी मुरतंय, हे त्यांना कळायला तेवढं पुरे होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी वाचनालयातल्या बायकांवर पाळत ठेवली. तेराव्या गल्लीतल्या आवटीबाई हल्ली फार येत होत्या. त्या पूर्वी पाटबंधारेच्या वसाहतीतच राहत, ह्यांच्याशी हसून बोलत आणि वाचताना ओळीखाली बोट ठेवत. शालनताई आहाराच्या व्याख्यानात त्यांच्या शेजारी जाऊन बसल्या आणि तासभर नाचणीबद्दल एक अक्षर न ऐकता त्यांची बोटं बघत राहिल्या. शेवटी न राहवून म्हणाल्या, "जंगलाची पुस्तकं आवडतात वाटतं तुम्हाला."

"छे हो," आवटीबाई म्हणाल्या. "मला झाडाझुडपातलं काही कळत नाही. तुम्ही मागंही विचारलंत की हे."

मागं आपण कशाला विचारू? बाई साळसूदपणे वेड पांघरते आहे, असं शालनताईंनी ठरवून टाकलं. त्या रात्री त्यांना झोप नीट लागली नाही. ह्यांच्याबद्दल संशय नव्हता. माणूस गेला, आता संशय घेऊन काय करणार? पण हे इतक्या वर्षांनी त्यांच्याशी बोलले होते, त्या एका वाक्यावर, आणि ते ऐकायला तिथं आधीच दुसरी बाई बसली होती. तीही अठरा मिनिटं, तीही रडून. हे त्यांना सोसत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी वाचनालयात कुणी नसताना त्या पुस्तक घेऊन निलोफरसमोर उभ्या राहिल्या. "मी वारस आहे. ह्यांच्या दिव्यात दुसरं कुणी बसलेलं मला चालणार नाही. नाव सांग, नाहीतर मी वर तक्रार करते."

निलोफर उठली. तिनं बाहेरचं दार लोटलं, मागच्या खोलीत दिव्याशेजारी दोन खुर्च्या ओढल्या आणि शालनताईंना बसवलं.

"काकू, तुमची खूण कितव्या पानावर असते?"

"सत्तावीस. त्याचं काय?"

"बघा की काढून."

"हे माझं पुस्तक नव्हे, ह्यांचं आहे. मी असली पुस्तकं कुठं वाचते?"

"तरी बघा."

शालनताईंनी पान काढलं. वाचताना त्यांची नजर ठिपक्यावरून हलली नव्हती, या आकड्याकडे गेलीच नव्हती. सत्तावीसच्या आकड्याखाली पेन्सिलीचा अर्धचंद्र होता. शिवणाच्या खडूनं बाही कापताना काढावा तसा, एका झटक्यात ओढलेला. त्याच्याखाली दुसरा, त्याच्याखाली तिसरा.

"माझी खूण कुणीतरी..." त्या म्हणू लागल्या.

निलोफरनं दिव्याची काच पुढं केली. "इथं बोट टेकवा."

शालनताईंनी बोट टेकवलं. यंत्र क्षणभर गुरगुरलं. मग पानावर हिरवा ठिपका आपोआप उजळला आणि स्थिर राहिला. त्यांनी बोट उचललं, पुसलं, परत टेकवलं. ठिपका हिरवाच.

पायाखालची जमीन सरकणं म्हणजे काय, ते शालनताईंना त्या खुर्चीत बसल्या बसल्या कळलं. हे पुस्तक त्यांनी कधी वाचलेलं नव्हतं. वनाधिकारी, त्याची ट्रंक, ते वाक्य, सगळं यावेळीच पहिल्यांदा समोर आलं होतं, याची त्यांना स्वतःच्या नावाइतकी खात्री होती. आणि कागद म्हणत होता, तीनदा.

त्यांनी तिन्ही अर्धचंद्र एकेक करून मोजले. मग त्यांनी हळू विचारलं, "निलोफर, ही बाई कोण म्हणून मी तुला याआधी विचारलं होतं?"

निलोफरनं मान हलवली.

"किती वेळा?"

"दोनदा, काकू. श्रावणात पहिल्यांदा वाचलासा, तेव्हा काही नव्हतं. दिवाळीच्या आधी परत मागितलासा. तेव्हा हे बटण दाबलं गेलं आणि तुम्ही असंच भांडायला आलासा. मग संक्रांतीला परत. यावेळी मी पुस्तक मागच्या कपाटात ठेवलं होतं, तर तुम्ही कपाट उपसून काढलं."

"आणि दोन्ही वेळा तू मला हे दाखवलंस?"

"दाखवलं. असंच, इथंच बसून." निलोफरनं काच परत जागेवर सरकवली. "दर वेळी मला नव्यानं सांगावं लागतंय. तुमचा चेहरा दर वेळी असाच होतो."

"मग मी काय म्हणाले?"

"मुलाला कळू द्यायचं नाही म्हणालासा. तो घेऊन जाईल, आणि तिथं ह्यांची पुस्तकं नाहीत. मला गळ्याची शपथ घातलासा."

"रडले होते मी?"

"दिवाळीला रडलासा. संक्रांतीला नाही. संक्रांतीला हसलासा. म्हणालासा, बरंच आहे की गं, मला ते वाक्य परत पहिल्यांदा वाचायला मिळतंय. दोनशे बारा पुस्तकं आता कधी संपायचीच नाहीत."

शालनताईंनी तिसऱ्या अर्धचंद्रावर बोट ठेवलं. हे बोलणारी बाई त्यांना अजिबात आठवत नव्हती. पण तिचं म्हणणं त्यांना पटत होतं, आणि भीती त्याचीच वाटली. आत्ताही मन तिकडेच ओढत होतं. गप्प बसायचं, घरी जायचं. आषाढात कधीतरी हे पुस्तक पुन्हा हाती येईल, पिवळा ठिपका त्या वाक्यावर थांबेल, आणि आपल्याला कळेल की ह्यांना कळलं होतं. किती वेळा हवं तितक्या वेळा. असं सुख जगात कुणाला मिळतं?

फक्त दर वेळी ते घेणारी बाई आदल्या बाईला ओळखणार नाही. आणि एखादे दिवशी तिला परतीची गल्ली ओळखू येणार नाही.

त्यांना त्या दोघींचा राग आला, दिवाळीतलीचा आणि संक्रांतीतलीचा. दोघी याच खुर्चीत बसल्या, दोघींना सगळं समजलं होतं, आणि एकीनंही चौथीसाठी एक चिठ्ठी मागं ठेवली नाही. घरातल्या घरात बातमी दाबून ठेवणाऱ्या जावांसारख्या. दोघींनी ठरवलं, आणि आपल्या वतीनं ठरवलं. सन्मतीच्या वतीनंही. सन्मतीला कुणी विचारलंच नव्हतं. आई बरी आहे, वाचनालयात रमली आहे, हे धरून तो चालला होता, आणि ते धरून चालू देणाऱ्या या दोघी होत्या.

"तुझी शपथ मी सोडवली," शालनताई म्हणाल्या. "आता त्याला फोन लाव."

"इथून?"

"इथूनच. माझ्या फोनवरून लावला तर मी तो नंबर शोधत बसेन आणि तेवढ्यात माझं मन फिरेल. तू लाव आणि माझ्या हातात दे. आणि माझ्या शेजारून उठू नको."

निलोफरनं नंबर लावला. शालनताईंनी दिवा बंद केला नाही. पानावर पिवळा आणि हिरवा, दोन्ही ठिपके शेजारी शेजारी होते. त्यांच्याकडं बघत त्यांनी फोन दोन्ही हातांनी धरला.

तिकडे घंटा वाजली. कितीतरी वेळ वाजली. त्यांना वाटलं, न उचलेल तर बरं, आणि त्याच क्षणी सन्मतीचा आवाज आला, घाईतला.

"आई? हा कुणाचा नंबर? सगळं ठीक आहे ना?"

"वाचनालयातून बोलतेय. तुला एक सांगायचं आहे."

"आई, आत्ता माणसं समोर बसली आहेत. संध्याकाळी करू का फोन? सात वाजता, नक्की."

संध्याकाळी सात वाजता त्या घरी असतील. आमटीला फोडणी दिलेली असेल, आवाज खणखणीत असेल. तो विचारेल, काय सांगायचं होतं, आणि त्या म्हणतील, काही नाही रे, दोडका लावायचाय परसात. हे त्यांना इतकं स्वच्छ दिसलं, की जणू ते दोनदा घडूनच गेलं होतं.

"नको, बाळा," त्या म्हणाल्या. "संध्याकाळी मी तुला सांगणार नाही. आत्ताच ऐक."

पलीकडे सन्मतीनं कुणाला तरी 'एक मिनिट' म्हटलं. मग खुर्ची सरकली, एक दार लागलं, आणि मागची कुजबुज बंद झाली.

"बोल," सन्मती म्हणाला.